आधी हातांना वाट

धाकट्याचं वय चौतीस, तरी सगळे त्याला धाकटाच म्हणायचे. घरात थोरला होता म्हणून हा धाकटा, बाकी रागात वगैरे तो कुणालाच धाकटा नव्हता. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर खुर्ची टाकून बसलेला असायचा.

त्याचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. तळाला सुताराचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम भुशाचा वास आणि रेलिंगवर भुशाची पावडर. वर काचेचे सात कप्पे. प्रत्येकात एक खुर्ची, एक स्क्रीन, एक कॅमेरा आणि पाठीमागे साधं निळं कापड. कप्प्यात बसणाऱ्याने गडद कपडे घालायचे, अंगठी नको, बांगडी नको, नखांना रंग नको. कारण इथे काम हातांचं होतं. दवाखान्यात, कोर्टात, शाळेत ऐकू न येणारं कुणी आलं की तिथली माणसं इथे व्हिडिओ कॉल लावायची. कप्प्यातला दुभाषी त्या माणसाच्या खुणा तोंडाने सांगायचा आणि डॉक्टरचं नाहीतर वकिलाचं बोलणं हातांनी. धाकट्याच्या आईला ऐकू यायचं नाही, वडिलांनाही यायचं नाही. दोघे भाऊ तोंडाने बोलायच्या आधी हातांनी भांडायला शिकले होते.

आता शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलने सगळ्या वॉर्डांचे कॉल एकाच ऑफिसला द्यायचं ठरवलं होतं. आधी एक चाचणी. धाकट्याच्या ऑफिसची चाचणी झाली आणि भर कॉलमध्ये चित्र गोठलं. ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या दुभाषी ताईंचा हात हवेत, तर्जनी वर, ती वरच. चाळीस सेकंद. पलीकडे एक बाई आपल्या बाळाच्या तापाचं विचारत होती आणि तिला समोर नुसतं एक वर केलेलं बोट दिसत राहिलं. आवाज अडकला तर माणूस ‘हॅलो, हॅलो’ तरी करतो. हात अडकला तर काय करणार?

हॉस्पिटलने दुसरी संधी दिली, आणि ती शेवटची हे अगदी स्पष्ट लिहून दिलं. बुधवार, सकाळी दहा ते एक. तपासणीच्या बाई स्वतः येऊन बसणार. हे काम हुकलं तर सातातले चार कप्पे बंद करावे लागणार होते, आणि चार जणांच्या तोंडावर ते सांगायचं काम धाकट्याचं होतं. त्या चौघांची नावं त्याने ठरवली नव्हती. ठरवायला बसला की उठून पाणी प्यायला जायचा.

चीड येण्यासारखी गोष्ट अशी, की ऑफिसात इंटरनेटच्या लाइनी दोन होत्या. एक जमिनीतून येणारी केबल, दुसरी गच्चीवरच्या डिशमधून हवेतून. कंपन्याही वेगवेगळ्या. एक गेली तर दुसरी आहे, असं धाकटा छाती फुगवून सगळ्यांना सांगायचा. दोन्ही लाइनी जोडणारा राउटर त्याने स्वतः बसवला होता, एका रविवारी, कुणाचं न ऐकता. वहिनी तेव्हाच म्हणाली होती की मी येऊन बघते. यावर हा म्हणाला होता, दोन वायरी खुपसायला तुम्ही कशाला?

वहिनी म्हणजे थोरल्याची बायको, आणि तिचा धंदाच तो. कारखाने, गोदामं, शाळा, कुठे कुठे जाऊन ती नेटवर्क उभं करायची. घरात इतका मोठा मान, आणि ह्याने तो वायरी खुपसण्यावर आणून ठेवला. सोमवारी सकाळी आईनेच त्याला हातांनी सुनावलं. घरात विहीर आहे आणि तू तहानेने मरतोयस, जा, माफी माग. धाकट्याने माफी काही मागितली नाही. पण फोन केला.

वहिनी अर्ध्या तासात हजर. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, अंबाड्यात खोचलेला बारका स्क्रूड्रायव्हर, पायात जाड तळव्याचे बूट. आल्या आल्या म्हणाली, “काय भाऊजी, दोन वायरी खुपसल्या गेल्या का नीट?”

धाकट्याने राउटरकडे बोट केलं.

त्याला वाटलं होतं ती थेट राउटर उघडेल. ती गेली तीन नंबरच्या कप्प्यात आणि ताईंच्या मागे स्टूल टाकून बसली. तासभर वहिनी नुसते कॉल बघत होती. वहीत काहीतरी टिपत होती. बाहेर धाकट्याच्या पायाला मुंग्या. मग ती उठली आणि केबलवर बोटं ठेवून निघाली, भिंतीवरून, दारावरून, जिन्यातून, तळघरापर्यंत. मांजर शेपटीवरून हात फिरवू देईल इतक्या हळू. तिथून गच्चीवर, डिशपर्यंत. मग खाली येऊन चहा मागितला आणि धाकट्याला समोर बसवलं.

पहिली गोष्ट तिने सांगितली ती ऐकून त्याचे कान तापले. राउटर दर पाच सेकंदांनी विचारत होता की केबल जिवंत आहे का. पण विचारत कुणाला होता? तळघरात ठोकलेल्या कंपनीच्या डब्याला. डबा इथलाच, भिंतीपलीकडचा, तो हो म्हणणारच. पुढे रस्त्यात लाइन मरून पडली तरी तो हो म्हणणार, इथे हिरवा दिवा लागलेला राहणार, आणि राउटर कॉल डिशवर न्यायचाच नाही. चाळीस सेकंद ताईंचं बोट वर राहिलं ते त्यामुळे.

“शेजाऱ्याला विचारून परगावची खबर घेत होतात, भाऊजी.”

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. दोन्ही लाइनींचा वेग बेरीज करून मिळावा म्हणून धाकट्याने राउटरला सांगून ठेवलं होतं, एक तुकडा इकडून पाठव, एक तिकडून. व्हिडिओ म्हणजे बारीक बारीक हजारो तुकडे. केबलवरचे पळत जायचे, डिशवरचे रमतगमत. पलीकडे पोचेपर्यंत अंगठा आधी, मनगट मागून, करंगळी बेपत्ता. एक ना धड भाराभर चिंध्या. लाइन मेलेली नसतानासुद्धा हात फाटल्यासारखे दिसायचे ते म्हणून.

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि गंमत अशी की ओरडायला समोर कुणी नव्हतंच. सगळं त्याचंच होतं. तो म्हणाला मग काय एक लाइन काढून टाकू? वहिनी म्हणाली नाही, दोन्ही ठेवायच्या. तुकडे वाटायचे नाहीत. प्रत्येक तुकडा दोन्ही वाटांनी पाठवायचा. जो आधी पोचेल तो घ्यायचा, मागून येईल तो फेकून द्यायचा.

धाकटा उसळला. म्हणजे अर्धं सगळं वाया घालवायचं? ही कसली हुशारी?

“आई तुम्हा दोघांना एकच निरोप देऊन दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी का पाठवायच्या?” वहिनीने विचारलं.

हे तिला थोरल्याने सांगितलेलं. घरात फोनचा उपयोग नव्हता, तेव्हा महत्त्वाचा निरोप असला की आई एक चिठ्ठी थोरल्याकडे द्यायची, तीच चिठ्ठी धाकट्याकडे, आणि एकाला बाजारातून, एकाला नदीकडून धाडायची.

“कारण मी वाटेत कुठे भांडण दिसलं की बघत उभा राहायचो,” धाकटा पुटपुटला.

“मग अर्धी मेहनत वाया जायची का?”

धाकट्याला ते पटलं, आणि आपल्याला पटलंय हे तिला कळलं याचाही त्याला राग आला.

सोमवारची दुपार आणि मंगळवारची सकाळ तो तिचं काम बघत होता. बघायचं नाही असं ठरवून बघत होता. तिने कुठेतरी दूरचं एक मशीन, म्हणजे चोवीस तास चालू असणारा कॉम्प्युटर, भाड्याने घेतलं. ऑफिसच्या दोन्ही लाइनी त्या मशीनला जाऊन मिळणार, तिथे जुळ्या तुकड्यांतला एक ठेवला जाणार, आणि हॉस्पिटलला फक्त त्या मशीनचं तोंड दिसणार. नाहीतर लाइन बदलली की हॉस्पिटलच्या बाजूला वाटतं हा कुणी नवाच पाहुणा आला, आणि ते चालू कॉल कापतात. लाइनीची खबरही आता तळघरात विचारायची नाही, तीन वेगवेगळ्या लांबच्या ठिकाणी विचारायची. तिघेही गप्प बसले तरच लाइन मेली समजायची. एकटा गप्प बसला तर तो झोपला असेल.

हे सगळं तिने केलं, पण धाकट्याच्या मनात भरली ती तिची करायची पद्धत. तो स्वतः पाच गोष्टी एकदम बदलायचा आणि मग देवावर सोडायचा. ती एक गोष्ट बदलायची, वायर उपटून बघायची, वहीत लिहायची, परत लावायची, परत उपटायची. प्रत्येक वायरला कागदी पट्टी, पट्टीवर पेन्सिलने मोठ्या अक्षरात नाव. एकदा तिचं चुकलं, सगळं ऑफिस दोन मिनिटं बंद पडलं. ती शिव्या देत बसली नाही, टेबलावर मूठ आपटली नाही. वहीचं मागचं पान उलटलं, बदललेलं पुसलं, आणि पुन्हा सुरू. धाकट्याने आयुष्यात दोन मिनिटांत मूठ न आपटता काही केलं नव्हतं.

शेवटचा नियम तिने त्याला उभं करून समजावला. केबल मेली तर उरणार एकटी डिश, आणि डिशची वाट अरुंद. सात कॉल कसेबसे मावतील, त्यावर एक सुई जास्त मावणार नाही. म्हणून तेवढ्या वेळापुरतं राउटर फक्त सात कप्प्यांना वाट देणार. ऑफिसचे कॅमेरे, मेल, धाकट्याचा मोबाइल, पाहुण्यांचं वायफाय, सगळ्यांनी थांबायचं. आधी हात, मग बाकीचं.

“आणि राउटरला तुम्ही हात लावायचा नाही. कानाला खडा लावा.”

त्याने लावला.

मंगळवारी दुपारी परीक्षेला बसवलं आईला. तिच्याइतकी खडूस परीक्षक कुठे मिळणार? ती घरी स्क्रीनसमोर, इकडे कप्प्यात धाकटा, आणि वहिनी राउटरपाशी एकेक वायर उपटतेय. धाकटा हातांनी काहीबाही सांगत होता आणि आई त्याच्या शर्टाला नावं ठेवत होती. केबल उपटली. आई शर्टावरून त्याच्या केसांवर आली. केबल लावली, डिश उपटली. आई केसांवरून त्याच्या लग्नावर आली. मग तिने हात झटकले आणि विचारलं, वायर कधी काढणार आहात, मला कपडे वाळत घालायचेत.

वहिनी राउटरपाशी उभी राहून इतकी हसली की अंबाड्यातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

बुधवारी तपासणीच्या बाई दहाला दहा मिनिटं असताना आल्या. हातात करडी फाइल, काखेत लॅपटॉप, चेहऱ्यावर कुणाकडून काही घ्यायचं नाही असा भाव. चहासुद्धा घेतला नाही. वायफायचा पासवर्ड मागितला आणि मधल्या टेबलावर ठाण मांडलं. दीड तास सगळं सुरळीत चाललं. कॉल येत होते, कप्प्यांत हात फिरत होते, बाई टाइप करत होत्या. धाकटा डोळ्यात तेल घालून राउटरचे दिवे बघत होता.

साडेअकरा वाजून गेले आणि केबलचा दिवा लाल झाला.

वहिनीने खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्याच्या कोपऱ्यावर पाइपासाठी खणणारं मशीन मघापासून घरघरत होतं, ते आता बंद होतं, आणि चार माणसं खड्ड्यात वाकून बघत होती. खड्ड्यात वाकून बघणारी माणसं दिसली की समजायचं, कुणाची तरी केबल गेली. ती धाकट्याजवळ येऊन हळूच म्हणाली की मी खाली जाऊन किती वेळ लागेल बघते, डिशवर सगळं ठीक चाललंय, तुम्ही फक्त बसा. आणि गेली.

फक्त बसा. यापेक्षा अवघड काम त्याला जन्मात कुणी दिलं नव्हतं.

पाच मिनिटं तो बसला. मग तपासणीच्या बाईंनी लॅपटॉपचं एक बटण दाबलं. परत दाबलं. चष्मा वर केला.

“तुमचं इंटरनेट गेलंय,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. त्यांनी लॅपटॉप बाजूला सरकवला, फाइल उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

धाकट्याच्या समोरच्या स्क्रीनवर राउटरचं पान उघडं होतं. पासवर्ड त्याला माहीत होता, ऑफिस त्याचंच होतं. त्या शेवटच्या नियमासमोर एक बारीक खूण होती. ती काढली की बाईंचं पान फाडकन उघडणार, टोपण पेनावर परत जाणार. एक क्लिक. त्याचा हात माउसवर गेलासुद्धा. आणि दुसऱ्या बाजूने जुना राग वर येत होता, की बाई, तुम्ही इथे मेल बघायला आलात का आमचं काम बघायला?

त्याने काचेतून तीन नंबरच्या कप्प्यात पाहिलं. ताईंचे हात चालले होते. काळ्या कपड्यांसमोर दहाच्या दहा बोटं स्वच्छ, एकही गळालेलं नाही. लॅपटॉपमध्ये बाईंनी काय पाठवायला लावलंय कुणास ठाऊक, फोटो असतील, मोठ्या फाइली असतील. ते सगळं त्या अरुंद वाटेत घुसलं की पहिल्यांदा ही बोटं अडकणार.

त्याने माउसवरचा हात उचलून मांडीखाली दाबून ठेवला, लहान पोरासारखा. मग उठला.

“बाई, इंटरनेट गेलेलं नाही. तुमचं आम्ही अडवून ठेवलंय.”

पेन थांबलं. “अडवून?”

“एक लाइन मघाशी तुटली, खाली रस्त्यात. दुसरी बारीक आहे, तिच्यात सात कॉलांपुरतीच जागा. तुमचं पान उघडलं तर यांचे हात अडकतील. तुम्ही लिहा काय लिहायचंय ते, पण आधी इकडे या.”

एवढं सगळं तो न ओरडता बोलला. बाई उठल्या, ते बहुतेक अडवणारा माणूस जवळून बघायला. त्याने त्यांना काचेपाशी उभं केलं आणि दार बोटभर उघडलं.

पलीकडे हॉस्पिटलातला एक म्हातारा शिंपी होता. जन्मापासून ऐकू न येणारा. उद्या डोळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर मोतीबिंदूचं सांगत होते, थेंब कधी घालायचे, पट्टी किती दिवस. शिंप्याने हात वर करून त्यांना थांबवलं. मग त्याची बोटं सुरू झाली, सुईत दोरा ओवल्यासारखी बारीक, आणि ताईंनी ते सपाट आवाजात सांगितलं.

“डोळे झाकलेत की मी ऐकणार कशाने?”

डॉक्टरांनी थेंबांची बाटली खाली ठेवली. काचेबाहेर बाई दाराच्या फटीजवळ सरकल्या.

मग डॉक्टर म्हणाले की हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एका वेळी एकच डोळा करू, दुसऱ्या डोळ्यावरचं कापड शक्य तेवढं कमी ठेवू, आणि नर्स पूर्ण वेळ तुमचा हात धरून बसेल. एकदा दाबलं म्हणजे हलू नका, दोनदा दाबलं म्हणजे झालं. ताईंचे हात ते सगळं घेऊन गेले. शिंपी विचारात पडला. त्याने खूण केली की उलटं करा. घाबरलो की माझाच हात दोनदा दाबला जाईल, नर्सला वाटेल मीच संपलं म्हणतोय. डॉक्टर हसले, शिंपीही हसला. त्याच्या गालाच्या सुरकुत्यासुद्धा स्क्रीनवर मोजता आल्या असत्या.

कॉल संपला. बाईंनी ताईंना विचारलं, मधे चित्र अडकलं का? लाइन तुटली तेव्हा?

“लाइन तुटली?” ताई म्हणाल्या. “कधी?”

बाई टेबलावर परत गेल्या. लॅपटॉप अजून मुकाच होता. त्यांनी तो मिटला आणि पेनाने लिहायला घेतलं, सावकाश, पान भरून. एकदा मान वर न करता विचारलं, हे कुणी बसवलं? धाकटा म्हणाला माझ्या वहिनीने. मग कुणी न विचारता म्हणाला, आधी मी बसवलं होतं, ते हात दाखवून अवलक्षण होतं. तिने सगळं उपटून नव्याने केलं. मी दोन दिवस उभा राहून बघत होतो. असं काम मी आजवर बघितलं नाही.

हे बोलताना वहिनी दारात उभी होती, बुटांना चिखल लावून. कधी आली कळलंच नाही. तिने ऐकलं की नाही ते तिच्या तोंडावरून समजेना. म्हणाली केबलला दोन तास लागतील, खड्ड्यातल्या माणसांना नव्या केबलची दोरी कुठून कशी ओढायची ते सांगून आलेय, नाहीतर चार तास लागले असते.

बाईंनी तिला बसायला सांगितलं. विचारलं की आमच्या हॉस्पिटलच्या बाजूला लाइनी किती आहेत, तुम्हाला कल्पना आहे?

“एक,” वहिनी म्हणाली. “सोमवारीच कळलं. आज तुमचं नशीब, मशीन आमच्या रस्त्यावर खणत होतं.”

बाईंनी पहिल्यांदाच चहा मागितला. मग फाइल मिटून म्हणाल्या की सगळ्या वॉर्डांचे कॉल येत्या सोमवारपासून इकडे येतील, आणि तुम्हाला उद्या आमच्याकडे यायला जमेल का, ते वहिनीला विचारलं. धाकट्याला नाही. आणि त्याला राग आला नाही.

तो उठून काचांपाशी गेला. आता कुठलेही चार कप्पे बंद करायचे नव्हते, आणि ते सातही जणांना सांगून टाकावं असं त्याला झालं होतं. पण सातही कप्प्यांत हात चालू होते. दुसऱ्यात कुणी वकिलाशी बोलत होतं, पाचव्यात एका शाळेची बाई, तीनमध्ये ताईंना नवा कॉल लागला होता. तेव्हा धाकटा भिंतीला पाठ टेकून उभा राहिला, दोन्ही हात खिशात घालून, आणि पहिला कॉल संपायची वाट बघू लागला.